कागद, धूळ, एसीचं पाणी

पाटीवर लिहिलंय:
मौजा बिंत खलफान. कागद, धूळ, एसीचं पाणी.
रोल्ला, शारजा. ऑगस्ट.
एकूण बेचाळीस कागद. एकोणीस आमच्याकडे,
बाकीचे दोहा, कुवेत,
आणि एक कुठल्याशा बर्फाळ गावातल्या संग्रहालयात,
जिथे एसी लागतच नसेल.

मौजा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला सातबारा आठवला:
मौजे आडे, तालुका दापोली.

माझं काम साधं. पांढरे हातमोजे, विजेरी, तक्ता.
सहा महिन्यांनी एकेक कागद उतरवायचा,
डाग सरकला का, कड कुरतडली का, बुरशी आली का.
हवेतला ओलावा पन्नास टक्के.
बावन्न झाला की यंत्र शिट्टी मारतं आणि मी धावतो.
पाण्याने झालेली वस्तू पाण्यापासून जपायची,
हे मला कुणी समजावलं नाही. मीही विचारलं नाही.

सतरा नंबर.
मधोमध बशीएवढं वर्तुळ, बाहेर दुसरं, फिकट,
आणि उजवीकडे खाली एक शेपटी,
थेंब पडता पडता कुणी खिडकी आपटल्यासारखी.
खिडकी मीच आपटली होती.

तिसरा मजला, मागची गल्ली, एका खोलीत सात जण.
दोघे रात्रपाळीचे, म्हणून एसीला सुट्टी नाही.
बुरोंडकरचं घोरणं, ओले टॉवेल,
बांगड्याच्या कालवणाची वाफ, सगळ्यांचा श्वास
त्या डब्यात शिरायचा
आणि नळीतून थेंब थेंब खाली उतरायचा.

नळीखाली कुबलची बादली.
कुबल इलेक्ट्रिशियन, मालवणचा.
म्हणायचा, ह्या पाण्यात क्षार नाही,
इस्त्रीत घाला, बॅटरीत घाला, सोनं आहे.
एके सकाळी बघतो तर बादली बाजूला
आणि तिच्या जागी फळीवर कागद.
शेजारी अबाया सावरत उकिडवी बसलेली एक पोरगी.
कुबल लुंगीवरच खाली उतरला. भांडला,
मालवणीत, हिंदीत, मोडक्या अरबीत.
तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, सात रात्री. फक्त सात.
मग त्याचं नाव विचारलं.

सात दिवस कुबल चुरगळलेले शर्ट घालून कामावर गेला.

अठरा वर्षं झाली त्याला.
आज सतरा नंबर पालथा केला.
मागे पेन्सिलीने तीन अक्षरं:
दोन नुक्त्यांचा काफ, बा, लाम.
अरबीत काना-मात्रा लिहीत नाहीत,
वाचणाऱ्याने आपल्या पदरच्या घालायच्या.
जाडजूड कॅटलॉगात एका विदुषीने वाचलंय: कब्ल. आधी.
आणि त्यावर दोन पानं,
तेलाच्या आधी, विजेच्या आधी, शहराच्याही आधीचं पाणी.
चांगली आहेत पानं. मी दोनदा वाचली.
माझं अरबी मदरशापुरतं,
पण तीच अक्षरं कुबिल अशीही वाचता येतात, म्हणजे कबूल झालं.
मी वाचलं ते तिसरंच.

संध्याकाळी मालवणला फोन लावला.
कुणाच्या तरी विहिरीवर पंप खोलून बसला होता.
म्हटलं, तुझं पाणी म्युझियममध्ये आहे रे,
काचेत, नंबर घालून, मागे तुझं नाव.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, "मगे भाड्याचे पैशे कोण घेता?"
हसलो दोघं. पंप सुरू झाला, बंद पडला.
फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं,
ती बादली कुठे गेली रे आपली?

तक्त्यात शेवटी एक रकाना असतो, इतर नोंद.
एकच ओळ मावते. आजवर मी तिथे आडवी रेघ मारत आलो.
ओलावा एक्कावन्न. यंत्र गप्प.
पेन्सिल घेतली आणि लिहिलं, मराठीतच:
बादली निळी होती.